गो जातंय, नो-गो अडतंय : एका जुन्या ऑक्सफर्ड कोशाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट

आधी निकाल सांगतो, रिपोर्ट मागून. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची १९७१ सालची दोन खंडांतली ‘कॉम्पॅक्ट’ आवृत्ती जुन्या बाजारात कुठं दिसली, पानं धड असली आणि दोन-अडीच हजारांत देत असला, तर घ्या. पोरांच्या शाळेच्या अभ्यासासाठी हवी असेल तर घेऊ नका. डोळे अधू असतील तर आधी चांगलं भिंग घ्या, मग कोश. नुसती दिवाणखान्यात शोभेला ठेवायची असेल तरी घ्या, दिसायला झकास आहे. पण मग पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

मी काही पुस्तकातला माणूस नव्हे. आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि मग शिरोलीत, मशीन शॉपला क्वालिटीत नोकरी झाली माझी. वस्तू हातात आली की आधी ती फिरवून बघायची, मग माप, मग ड्रॉईंग, मग सही. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. आता एवढा चार हजारांवर पानांचा ग्रंथ सगळा कोण तपासणार? म्हणून लॉटमधून एक पीस उचलावा तसा एकच शब्द उचलला, आणि तो मुद्दाम साधा घेतला. ‘गो’. अवघड शब्दांवर कोशवाल्यांनी मेहनत घेतलेली असणारच. साध्या शब्दावर किती घेतली, ते बघायचं होतं.

‘गो’च का, त्यालाही कारण आहे. ज्यानं कधी बोअर तपासलंय त्याला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. भोक बरोबर मापाचं पडलंय का ते बघायला प्लग गेज असतो. त्याचं एक टोक ‘गो’, दुसरं ‘नो-गो’. समजा ड्रॉईंगवर २५ एच-७ लिहिलंय. म्हणजे भोक २५.००० पासून २५.०२१ मिलिमीटरपर्यंत चालतं. गोचं टोक २५.०००चं, ते आत गेलं पाहिजे. नो-गोचं २५.०२१चं, ते अडलं पाहिजे. गोचं टोक लांब असतं, कारण घासतं तेच; नो-गोचं आखूड, आणि बहुतेक गेजांवर त्या बाजूला लाल पट्टा. ऑपरेटर पोरगं लांबूनच ओरडायचं, “आबा, गो जातंय, नो-गो अडतंय!” की आम्ही सही करायला मोकळे. नोकरीची सगळी वर्षं या दोन शब्दांवर पोट भरलं. तेव्हा हा ‘गो’ आला कुठून, हे एकदा नीट बघावं असं वाटलं. नवल ते काय?

कोश मिळाला लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण पुढं तक्रार आहे. दोन्ही खंड एका जाड पुठ्ठ्याच्या पेटीत, पेटीच्या वरच्या अंगाला एक छोटा खण. मूळ मालात त्या खणात भिंग असतं. भिंगाशिवाय हा कोश म्हणजे मुंग्यांची वारूळं. मी खण ओढला तर रिकामा.

“काका, यातलं भिंग कुठंय?”

“भिंग? ते काय करायचंय?”

“ह्या खणात असतंय ते.”

“खण हाय न्हवं? मग झालं की.”

साडेतीन हजार सांगत होता. रिकाम्या खणाचे पैसे कापून बावीसशेला तोडला. येताना कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर पेटी ठेवली, सात किलोच्या पुढं काटा गेला. मुलगा म्हणाला, आबा, हेच सगळं फोनवर मिळतंय. सगळं नाही मिळत. त्यावर पुढं येतो.

आता मालाची तपासणी. बांधणी कापडी, निळसर. पाठीवरची अक्षरं अजून शाबूत. पहिला खंड ए ते ओ, दुसरा पी ते झेड आणि शेवटी १९३३ ची पुरवणी. उंची फूटभर. मूळ तेरा खंडांची पानं फोटो काढून लहान केलीत आणि एकेका पानावर चार-चार बसवलीत. मूळ पानावर तीन रकाने, म्हणजे इथं एका पानावर बारा. मोठ्या अक्षराची उंची मी व्हर्निअरवर बघायचा प्रयत्न केला, मिलिमीटरच्या आसपास येते. खालची उदाहरणं छापलेली अक्षरं त्याहून बारीक. कागद पातळ आहे, पण मागची छपाई पुढं उमटत नाही. इतक्या बारीक छपाईत शाई कुठं पसरलेली दिसली नाही, याला मी पूर्ण मार्क देतो. आमच्या वेळी एवढी स्वच्छ ब्लूप्रिंट क्वचित मिळायची.

भिंगाचं मी असं केलं. कामावरची दहापट मोठं दाखवणारी डोळ्याची लूप होती, ती लावून बघितली. बेकार. एका वेळी एकच शब्द दिसतो, ओळ सुटते. शेवटी टेबलाला अडकवायचं, दिवा लावलेलं मोठं गोल भिंग घेतलं, मोबाईल दुरुस्त करणारे वापरतात तसलं. तीनपट-चारपट पुरतं. घेणाऱ्यानं हा खर्च धरून चालावं.

आता कोश चालतो कसा ते, कारण आम्हा मंडळींना आवडावी अशी पद्धत आहे. शब्दाखाली आधी त्याची जुनी रूपं दिलेली, आणि त्यांच्यापुढं आकडे. १ म्हणजे इसवी ११०० च्या आधी. २ म्हणजे बारावं शतक, ३ म्हणजे तेरावं, ५-७ म्हणजे पंधरावं ते सतरावं. एवढ्याशा आकड्यात शतकांचा हिशेब. वापरातून गेलेल्या अर्थापुढं खंजिराची खूण. परका, अजून इंग्रजीत न मुरलेला शब्द असेल तर दोन उभ्या रेघा. आणि प्रत्येक अर्थाखाली कुणीतरी कुठंतरी लिहिलेलं खरं वाक्य, साल घालून, जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीनं. पहिल्या आवृत्तीत अशी १८,२७,३०६ अवतरणं आहेत आणि ४,१४,८२५ शब्दांच्या व्याख्या.

या तारखांनीच मला पकडलं. फौंड्रीत कास्टिंगवर हीट नंबर असतो. पीसला तडा गेला तर त्या नंबरवरून मागं जात जात कुठल्या दिवशीचा ओत, केमिस्ट्री काय, सगळं निघतं. हीट नंबर नसलेला पीस दिसायला कितीही चांगला असो, मी त्यावर सही करत नव्हतो. फोनमधला शब्दकोश सांगतो, ‘गो म्हणजे जाणे’. कुणी सांगितलं, कधीपासून, कशावरून? पत्ता नाही. हा कोश म्हणतो, हे घे वाक्य, हे साल, तूच बघ. या एका गोष्टीसाठी मी बावीसशे दिले आणि परत द्यावे लागले तरी देईन.

तर ‘गो’. ही नोंद हेन्री ब्रॅडली या संपादकाच्या हातची. मुख्य संपादक जेम्स मरे, पण काम इतकं वाढलं की ई, एफ, जी ही अक्षरं ब्रॅडलीनं सांभाळली, आणि १९०१ पर्यंत ‘जी’ संपलं. (सगळा कोश दहा वर्षांत उरकायचा असं १८७९ मध्ये ठरलं होतं. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग आला तो ‘ए’पासून ‘अँट’पर्यंत. शेवटचा भाग निघाला १९२८ मध्ये, तेव्हा मरेला जाऊन तेरा वर्षं झाली होती. डिलिव्हरी डेट चुकवणाऱ्या आमच्या व्हेंडरांनी हे वाचून धीर घ्यावा.)

‘गो’चा जुना अर्थ ‘जाणे’ असा मोघम नव्हता. तो होता पायांनी चालणे. रांगणं वेगळं, घोड्यावर बसणं वेगळं, पोहणं वेगळं, आणि ‘गो’ वेगळं. लहान पोरानं आधी रांगावं मग चालावं, अशा अर्थाची इंग्रजीत जुनी म्हण आहे, तिच्यात ‘चालावं’च्या जागी ‘गो’ आहे. पुढं ‘वॉक’नं ती जागा घेतली. ‘वॉक’चा स्वतःचा जुना अर्थ लोळणं, उलथंपालथं होणं असा काहीतरी होता, म्हणजे तोही दुसऱ्याच खात्यातून बदली होऊन आलेला.

पाय सुटले तरी ‘गो’ थांबलं नाही. गिरणी ‘गो’ करते, घड्याळ ‘गो’ करतं. इथं मी भिंग बाजूला ठेवून बसलो. कारण आपल्याकडं ‘चालणं’ नेमकं याच वाटेनं गेलंय. माणूस चालतो. मग लेथ चालतं, घड्याळ चालतं, दुकान चालतं. मग पाचशेची जुनी नोट चालत नाही. आणि शेवटी काहीही विचारा, कोल्हापुरात उत्तर एकच: “चालतंय की!” पायापासून निघालेला शब्द परवानगीपर्यंत येऊन थांबला. इंग्रजांचंही तसंच झालंय, ‘एनिथिंग गोज’ म्हणजे आपलं ‘काहीही चालतंय’. दोघांनी एकमेकांना न विचारता हे केलंय. आणि आमच्या गेजवरचा ‘गो’ याच दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे: आत जातं, म्हणून चालतं. तो गेज मात्र या नोंदीत शोधू नका. त्या गेजचं नीट तत्त्व मांडलं लेस्टरच्या विल्यम टेलरनं, १९०५ साली. ‘जी’ तोवर छापून झालं होतं. गोच्या बाजूनं सगळा आकार एका दमात तपासायचा, नो-गोच्या बाजूनं एकेक माप सुटं तपासायचं, असं त्याचं म्हणणं. आजही तेच शिकवतात.

बिघडण्याकडं ‘गो’चा ओढा फार. दूध ‘गो’ होऊन नासतं, माणूस ‘गो’ होऊन वेडा होतो, आंधळा होतो. चांगलं व्हायचं असलं की इंग्रज बहुतेक ‘कम’ला बोलावतो: स्वप्न खरं होतं ते ‘कम’नं. आपल्याकडं तडा जातो, चव जाते, तोल जातो, लाईट जाते, आणि तात्या गेले म्हटलं की कुठं गेले असं कुणी विचारत नाही. चांगलं ते येतं, उमाळा येतो, बहर येतो, फळ येतं. (ताप पण येतो म्हणा. नियम म्हणून धरू नका.)

‘गोइंग टू’ हा प्रकार तर मला सगळ्यात आवडला. आधी त्याचा अर्थ शब्दशः होता: अमुक करण्यासाठी निघालोय, पाय रस्त्यावर आहेत. पंधराव्या शतकाच्या शेवटाकडं पाय गळायला लागले आणि नुसतं ‘आता होणार’ एवढंच उरलं. पाऊस पडायला ‘गोइंग’ असतो तेव्हा तो कुठून कुठं निघालेला नसतो. हे परकं वाटत असेल तर आपलीच म्हण आठवा: करायला गेलो गणपती, झाला मारुती. तो माणूस गेला कुठंच नाही. पाटावर बसूनच मातीशी खेळत होता.

‘अगो’ घ्या. दोन वर्षांपूर्वी, ‘टू इयर्स अगो’. तो ‘अगो’ म्हणजे जुन्या ‘अगॉन’चं आखडलेलं रूप, अर्थ ‘निघून गेलेलं’. आपण ‘गेल्या वर्षी’ म्हणतो तेव्हा वेगळं काय करतो?

आता ‘वेंट’कडं येतो. इथं माझी पाचवीतली नात मधे आली. वहीत तिनं ‘गो’चं भूतकाळी रूप ‘गोएड’ असं केलं होतं, बाईंनी लाल रेघ मारली. तिचं म्हणणं, प्लेचं प्लेड, मग गोचं गोएड का नाही? बिनतोड आहे. मी तिला जवळ घेऊन कोश उघडला, तिला भिंगातून बघायला आवडतं.

झालं असं. जुन्या इंग्रजीत ‘गो’ होतं ‘गान’, आणि त्याचं भूतकाळी रूप तेव्हाही त्याचं स्वतःचं नव्हतं. ते होतं ‘एओडे’, भलत्याच धातूचं. मधल्या काळात ते ‘येडे’ आणि ‘योडे’ झालं. होय, येडे. नात इतकी हसली की पुढचं सांगायला थांबावं लागलं. त्याच सुमाराला शेजारी ‘वेंड’ नावाचं दुसरंच क्रियापद राहत होतं, अर्थ वळणं, वाट धरणं. सेंडचं सेंट, बेंडचं बेंट, स्पेंडचं स्पेंट, तसं वेंडचं वेंट. दक्षिण इंग्लंडातल्या लोकांनी येडे सोडून हा वेंट उचलला आणि गोच्या भूतकाळात बसवला. १५०० च्या सुमाराला तो तिथं कायम झाला. मूळ मालक वेंड उघडा पडला, त्यानं मग ‘वेंडेड’ असं नवं शिवून घेतलं. आज तो वाट धरण्याच्या एका ठरीव वाक्प्रचारापुरता उरलाय. येडेचं पुढं काय झालं तर सोळाव्या शतकातल्या एका मोठ्या कवीला जुने शब्द वापरायची हौस, त्यानं येडेला भूतकाळ न समजता सरळ मूळ क्रियापद म्हणून वापरलं. ड्रॉईंग उलटं धरून काढलेला पीस. तोही कोशात नोंदला गेलाय, कारण छापून आलाय.

आणि स्कॉटलंडकडं? तिथल्या लोकांनी वेंट घेतलं नाही. त्यांनी ‘गो’लाच शेपूट लावून ‘गेड’ केलं. म्हणजे माझ्या नातीनं केलं तेच. तिला म्हटलं, ताई, तू स्कॉटलंडला जन्मली असतीस तर रेघ बसली नसती. ती म्हणाली, मग बाईंना सांगा. मी काही सांगायला गेलो नाही.

तिचा पुढचा प्रश्न मात्र कोशात नव्हता. “आबा, आपल्यात पण जाणेचं गेला होतंय. जाला का न्हाई?”

खरं आहे. मी जातो, मी गेलो. खाल्ला, प्याला, आला, आणि मधेच हा गेला. मराठीची बाजू जुळवायला कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति-कोश’ जवळ ठेवावा लागतो. या ऑक्सफर्डवाल्याकडून ती अपेक्षा करू नये. ‘जाणे’ संस्कृतातल्या ‘या’ धातूचं. प्राकृतातनं येताना आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो: योगीचा जोगी, यमुनेची जमुना, यात्रेची जत्रा. म्हणजे चैत्रात सासनकाठ्या घेऊन ज्योतिबाला आपण ज्या जत्रेला जातो, ती जत्रा आणि ते जाणं एकाच धातूचं. ‘गेला’ मात्र ‘गम्’चं, ‘गत’वरनं आलेलं. दोन धातू, एक क्रियापद. इंग्रजांनी वेंडच्या घरून भूतकाळ उसना आणला, आपण गम्च्या घरून. हिंदीचं जाना-गया तेच. फ्रेंचांनी तर ‘जाणे’साठी तीन वेगवेगळ्या लॅटिन धातूंची रूपं एकत्र कोंबलीत असं मानतात. फार वापरातल्या शब्दांचंच असं होतं, कारण रोज तोंडात असल्यामुळं विचित्र रूपही पाठ राहतं. वर्षातून एकदा लागणाऱ्या क्रियापदाचं असं रूप लोक विसरले असते आणि नियमात बसवून मोकळे झाले असते.

याच्या पुढची गोष्ट ऐकून आमच्या कट्ट्यावर दोघं माझ्याशी भांडले. संस्कृत ‘गम्’ आणि इंग्रजी ‘कम’ ही सख्खी भावंडं आहेत. दोघांचं मूळ एक. म्हणजे आपला ‘गेला’ नात्यानं त्यांच्या ‘केम’चा भाऊ, हा गेला, तो आला. मग ‘गो’चं आपल्याकडं कोण? अभ्यासकांचं प्रचलित मत असं की तो ‘हा’ धातूचा नातलग, सोडणे, निघून जाणे या अर्थाचा; ज्याच्यापासून आपला ‘हीन’ आला, म्हणजे सोडलेला, टाकलेला. आणि ‘जाणे’चा ‘या’ धातू रोमच्या दारांच्या देवाशी, जेनसशी जोडतात. जेनसवरून महिन्याचं नाव. तेव्हा जानेवारीतलं ‘जाणे’ नुसतं कानाला तसं वाटत नाही, खरंच तिथलं आहे. कट्ट्यावरच्या एकानं मला विचारलं, मग फेब्रुवारीत काय हाय? मी चहा मागवला.

एक सापळा सांगतो, कारण मी नुसत्या आवाजावरून जोडत बसणाऱ्यातला नाही. ‘गँग’. कोल्हापूर-मिरज लाईनवर गँगमन बघत मोठे झालो आपण. गँगचा जुना अर्थ जाणं, वाट, प्रवास. मग प्रवासाला लागणारा संच, मग एकत्र काम करणारी टोळी. उत्तरेकडच्या इंग्रजीत ‘गँग’ म्हणजे जाणं असं क्रियापदच आहे. बघणारा म्हणेल, हा ‘गो’चाच पोरगा. पण बरेच अभ्यासक त्याला वेगळ्या धातूकडं नेतात, पाऊल टाकणं या अर्थाच्या, आणि त्याच धातूकडं संस्कृत ‘जङ्घा’, म्हणजे आपली जांघ. दिसायला सारखे दोन पीस, हीट नंबर वेगळा.

संस्कृताचा विषय निघालाच आहे तर या कोशातल्या एका माणसाबद्दल सांगतो. फिट्झएडवर्ड हॉल. अमेरिकन. १८४६ मध्ये गंगेच्या मुखापाशी त्याचं जहाज फुटलं, हा इथंच राहिला, संस्कृत शिकला आणि बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवायला लागला. पुढं इंग्लंडात गेला, तिथं भांडणतंट्यात नोकरी गेली, खेड्यात एकटा जाऊन बसला. तिथून त्यानं मरेच्या कोशासाठी वर्षानुवर्षं रोज कित्येक तास प्रुफं तपासली, अवतरणं पुरवली, १९०१ मध्ये स्वतःचे डोळे मिटेपर्यंत. पगार नाही. आणि मरेची व त्याची कधी समोरासमोर गाठ पडली नाही. आमच्या शॉपमध्ये असा इन्स्पेक्टर मिळाला असता तर मी त्याला माझी खुर्ची दिली असती.

आता उणिवा. मराठीत एक ओळ नाही हे उघडच आहे. उच्चार दाखवायची चिन्हं त्यांची स्वतःची, जुन्या पद्धतीची, ती शिकायला वेळ जातो आणि शिकून बाहेर उपयोग नाही. माल १९३३ ला थांबलाय. नंतर बर्चफील्ड नावाच्या संपादकानं १९७२ ते १९८६ मध्ये चार पुरवणी खंड काढले, ते यात नाहीत. ते लहान करून तिसरा कॉम्पॅक्ट खंड १९८७ ला आला, तो वेगळा शोधावा लागतो. १९८९ ला वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली, तिचाही एका खंडातला कॉम्पॅक्ट १९९१ ला निघाला, पण त्यात एका पानावर नऊ पानं आहेत. माझ्या वयाला चार पुरे. तिसऱ्या आवृत्तीचं काम २००० पासून थेट इंटरनेटवर चालू आहे, वर्गणी भरून बघता येतं. त्यात ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाला ते लावायला नऊ महिने लागले असं २०११ मध्ये जाहीर झालं. तेव्हा ताजा माल हवा असणाऱ्यानं तिकडं जावं. व्हिडिओ ‘व्हायरल गो’ होतो तो या पेटीत सापडायचा नाही.

आणि मुलगा म्हणाला त्याचं उत्तर. फोनवर फुकटात शब्दांची मुळं सांगणाऱ्या जागा आहेत, त्यातल्या काही चांगल्या आहेत, मीही वापरतो, वरचं काही तिथूनच पडताळलं. पण तिथं नुसता निष्कर्ष मिळतो. इथं साक्षी-पुरावे मिळतात. शिवाय फोनवर तुम्ही ‘गो’ शोधलं की ‘गो’च दिसतं. इथं ‘गो’ शोधता शोधता ‘गोट’, ‘गॉड’ आणि ‘गोल्ड’वर नजर जाते. तास कसा गेला ते कळत नाही. हा दोषांत धरायचा की गुणांत, तुम्ही ठरवा. घरच्यांनी दोषांत धरलाय.

घ्यायला गेलात तर एवढं बघा. दोन्ही खंड एकाच संचातले आहेत का. खंड जड आहेत, पाठ आधी सुटते. पुस्तक मधोमध उघडून उभं धरा, शिवण ढिली असली तर लगेच बोंब मारते. पावसाळ्यात भिजलेलं असेल तर पातळ पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना बारा रकाने एकदम फाटतात, म्हणून कडा बोटानं फिरवून बघा. पाठ सुटली असेल तर घाबरू नका, शनिवार पेठेत अजून कापडी बांधणी करणारे आहेत, माझ्या पहिल्या खंडाला चारशे रुपये घेतले आणि शिवण मूळच्यापेक्षा घट्ट घातली. खण ओढून भिंग आहे का बघा. नसेल तर पाच-सातशे तिथंच कमी करायला लावा. टेबल सागवानी नसलं तरी चालतंय, पण डुगडुगणारं नको.